एक दिवस बुडाला म्हणून वर्ष बुडत नाही

जबलपूरला येणारा पाहुणा भेडाघाट बघतो आणि मागे फिरतो. तुम्ही आला असाल तर तुम्हीही तेच केलं असेल. धुआंधारचे तुषार चेहऱ्यावर घेतले, संगमरवरी कड्यांमधून नावेत बसून फिरलात, नावाड्यानं यमकं जुळवून केलेलं धावतं वर्णन ऐकून हसलात, चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या चढून दमलात आणि दगडात कोरलेला एखादा छोटा हत्ती घेऊन गाडीत बसलात.

यावेळी मागे फिरू नका. भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यानं थोडं पुढे या. शहपुरा लागेल.

इथं बघण्यासारखं काय आहे, असं विचाराल तर पर्यटन पुस्तिकेत घालण्यासारखं फारसं काही नाही. तालुक्याचं गाव आहे. बाजारपेठ आहे, तहसील आहे, रस्त्यावर टँकरची रांग आहे, कारण शेजारच्या भिटौनीला पेट्रोलियमचा डेपो आहे. रेल्वे स्टेशनचं नावही भिटौनीच. पण डिसेंबर-जानेवारीत आलात तर सगळा मुलूख हिरवा दिसेल. हे मटाराचं राज्य आहे. 'एक जिल्हा, एक उत्पादन' या योजनेत जबलपूर जिल्ह्याच्या वाट्याला हिरवा मटारच आला आहे. या दिवसांत पहाटे रस्त्यावर मटाराच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्या दिसतात आणि प्रत्येक घराच्या ओट्यावर कुणी ना कुणी शेंगा सोलत बसलेलं असतं.

त्यातलाच एक ओटा माझ्या मामाचा आहे. तिथं मी लहानपणापासून जाते. या जानेवारीत गेले तेव्हा जे पाहिलं ते तुम्हाला सांगायचं आहे. मामाला विचारूनच लिहितेय. "नाव घालू नको, बाकी सगळं लिही," एवढीच त्याची अट होती.

खिळ्यावरचं कालनिर्णय

मामाचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतावरच्या पंपाची मोटर जळली की लोक त्याच्याकडे येतात. हात चांगला आहे. पण त्याच हातात वीस वर्षं दारूचा ग्लासही होता. हळूहळू दुकान दुपारी उघडायला लागलं, मग दोन दिवसांआड उघडायला लागलं. मामीनं अडीच एकराची शेती स्वतः बघायला सुरुवात केली, कारण दुसरा इलाजच नव्हता. माझी मामेबहीण बारावीला होती. तिनं त्या वर्षी अभ्यासासाठी शेजारच्या घरात खोली मागितली होती. एवढं सांगितलं की पुरे.

दोन वर्षांपूर्वी होळीनंतर मामानं नर्मदेचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ घेतली. त्या पट्ट्यात या शपथेपुढे दुसरी शपथ नाही. शपथेच्या दुसऱ्याच दिवशी हात थरथरायला लागले, घाम फुटला, रात्री भिंतीवर काहीबाही दिसायला लागलं. मामीनं उशीर न करता जबलपूरला नेलं. दवाखान्यात काही दिवस काढून तो घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज रात्री लाल पेनानं एक खूण करायला लागला. प्यायलो नाही, खूण. प्यायलो नाही, खूण.

अशा ४२६ खुणा झाल्या. म्हणजे १४ महिने. दुकान सकाळी नऊला उघडायला लागलं होतं. मामेबहीण परत स्वतःच्या घरात झोपायला लागली होती.

मग मे महिन्यात नात्यातलं एक लग्न आलं. वरातीत कुणीतरी पाण्याच्या बाटलीत भरून आणली होती. "आज नाही म्हणू नको," एवढंच तो म्हणाला. मामा नाही म्हणाला नाही.

एका संध्याकाळची गोष्ट होती. तिथंच थांबली असती तर कदाचित हा लेखही झाला नसता. पण सकाळी उठल्यावर मामानं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि रद्दीत टाकलं. "मैयाची शपथ मोडली. आता राहिलं काय?" असं म्हणून तो घराबाहेर पडला आणि पुढचे आठ दिवस शुद्धीवर नव्हता.

नातेवाइकांचे फोन सुरू झाले. 'बूंद से गई वो हौद से नहीं आती' ही म्हण त्या आठवड्यात मामीनं किती जणांकडून ऐकली असेल, तिलाच माहीत. आणि मी? मी नागपुरातून फोन केला आणि मामीला म्हटलं, "म्हणजे चौदा महिने वायाच गेले गं."

मामी थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "चौदा महिने मी शांत झोपले. ते वाया कसे गेले?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. फोन ठेवल्यावर लाज वाटली, ती अजून थोडी शिल्लक आहे.

मोडलेला उपवास

तुमच्या घरात कधी असं झालंय का, बघा. चतुर्थीचा उपवास आहे. दुपारी बोलता बोलता हात बिस्किटाच्या डब्यात गेला. एक बिस्कीट तोंडात गेलं आणि आठवलं. अशा वेळी दहातली आठ माणसं काय करतात? "आता मोडलाच आहे तर..." म्हणून पोटभर जेवतात. एका बिस्किटानं पोट भरलेलं नसतं, भूकही आधी होती तेवढीच असते. फक्त मनानं निकाल लावलेला असतो की उपवास एक तर पूर्ण असतो, नाहीतर नसतोच.

व्यसनातून बाहेर येणाऱ्या माणसाचं नेमकं हेच होतं, फक्त इथं डाव फार मोठा असतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी या गोष्टीचा बारकाईनं अभ्यास केला. ज्युडिथ गॉर्डन यांच्याबरोबर १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. पाय घसरणं ही एक गोष्ट आणि घसरून पुन्हा तळाला जाणं ही दुसरी. या दोन्हींच्या मध्ये एक पायरी असते. त्या पायरीवर माणूस स्वतःशी काय बोलतो, यावर पुढचं पुष्कळ काही ठरतं. "माझ्यात दमच नाही, सगळं संपलं," असं तो बोलला तर अपराधीपणा वाढतो. आणि अपराधीपणा सहन करायचं त्याला माहीत असलेलं औषध एकच असतं. तेच, ज्यानं घात केला.

मामाला पहिल्या संध्याकाळी वरातीनं पाजली. पुढचे आठ दिवस त्याला या विचारानं पाजली.

दहाव्या दिवशी मामी त्याला परत डॉक्टरांकडे घेऊन गेली. जाताना तिनं रद्दीतून कालनिर्णय काढून पिशवीत टाकलं, मागच्या वर्षीचंही घेतलं. डॉक्टरांनी शांतपणे पानं उलटली, खुणा मोजल्या आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलं: ४२६ आणि त्याखाली ९. मग मामाला विचारलं, "यातला मोठा आकडा कोणता?"

मामा म्हणतो, "बेटा, इतका सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. आणि मला उत्तर देता येईना."

त्यानंतर डॉक्टरांनी आणखी काही प्रश्न विचारले. लग्नात एकटाच गेला होतास का? आदल्या रात्री झोप झाली होती का? नाही कसं म्हणायचं, हे ठरवून गेला होतास का? म्हणजे त्या नऊ दिवसांचीही त्यांनी माहिती करून घेतली. कालनिर्णय परत खिळ्यावर गेलं. त्या नऊ चौकोनांत मामानं रिकामी गोल खूण केली. खोडली नाहीत, लपवलीही नाहीत.

पुढे दिवाळीत तो आणखी एकदा घसरला. पण यावेळी त्यानं त्याच रात्री मामीला सांगितलं आणि सकाळी दुकान उघडलं. एक गोल, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा लाल खुणा. जानेवारीत मी गेले तेव्हा हिशेब असा होता: ६७१ दिवस, त्यात दारूचे १०. पहिल्या वेळी नऊ दिवस गेले होते, दुसऱ्या वेळी एक संध्याकाळ. बाहेरच्या माणसाला ही दोनदा हार वाटेल. मामीला विचारा, ती म्हणेल, यांना उठायला आलं.

घाटावर

पण एक गोष्ट राहिली होती. मे महिन्यापासून मामा नर्मदेवर गेला नव्हता. शहपुऱ्यात राहून नर्मदेवर न जाणं म्हणजे पंढरपुरात राहून देवळाकडे पाठ करून बसणं. दुकानाच्या कामाला जाताना गोटेगावच्या रस्त्यावर झांसीघाटचा पूल लागतो. तिथं बसमधली माणसं नदीला हात जोडतात, खिडकीतून नाणं टाकतात. मामा तेवढा वेळ दुसऱ्या बाजूला बघायचा. शपथ मोडलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं हात जोडायचे?

मी हट्ट धरला. "मला घाटावर ने, फोटो काढायचेत." फोटोचं निमित्त होतं, हे त्यालाही कळलं असणार. सकाळी धुकं ओसरता ओसरता आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना मटार, मध्येच गव्हाचे कोवळे तुकडे, आणि मग एकदम खाली उतरणारी वाट. थंडीतली नर्मदा संथ असते. इथून काही मैल वर धुआंधारला हीच नदी एवढा आवाज करते, यावर विश्वास बसत नाही.

घाटावर परिक्रमावासींचा एक छोटा जथा बसला होता. नर्मदेची परिक्रमा तुम्ही ऐकली असेल. १,३१२ किलोमीटर लांबीची ही नदी उजव्या हाताला ठेवून, कुठेही न ओलांडता, एका काठानं समुद्रापर्यंत जायचं आणि दुसऱ्या काठानं परत यायचं. शास्त्राप्रमाणे चालायची तर चातुर्मासात थांबत थांबत ३ वर्षं, ३ महिने आणि १३ दिवस. शहपुऱ्याच्या बाजूचा काठ उत्तरेचा, त्यामुळे इथून जाणारे पूर्वेकडे, अमरकंटकच्या दिशेनं चालत असतात. गावोगावी लोक त्यांना चहा देतात, शिधा देतात. मामीनंही डब्यात मटार घालून पोहे दिलेच होते.

जथ्यात सातारा जिल्ह्यातल्या एक आजी होत्या. मराठी ऐकून त्यांनी आम्हाला जवळ बसवलं. बोलता बोलता कळलं की त्या सलग चालत आलेल्या नव्हत्या. मागच्या वर्षी वाटेत तापानं पडल्या, लेक येऊन घरी घेऊन गेला. यंदा जिथं थांबल्या होत्या त्याच गावात उतरून त्यांनी पुन्हा चालायला सुरुवात केली.

मामा इतका वेळ गप्प होता. त्यानं एकदम विचारलं, "मग मागच्या वर्षीची चाल धरतात का, आजी?"

आजींनी त्याच्याकडे बघितलं. "धरतात म्हणजे? पाय काय माघारी गेले होय?"

मामा हसला. मग उठून पाण्यापाशी गेला, हात-तोंड धुतलं, बराच वेळ तिथंच उभा राहिला. त्यानं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा मला वाटलं, आता पुन्हा शपथ घेतोय. पण त्यानं ते नुसतं सोडून दिलं. वर आल्यावर म्हणाला, "शपथ-बिपथ काही घेतली नाही. दुकान दहाच्या आत उघडायचंय, चल."

तुकड्यांनी झालेली परिक्रमा

अखंड परिक्रमेचा मान मोठा आहे, यात वाद नाही. पण याच जबलपूरच्या एका माणसानं खंड परिक्रमेलाही मोठा मान मिळवून दिला. अमृतलाल वेगड हे त्यांचं नाव. जन्म जबलपूरचा, १९२८चा. शांतिनिकेतनला नंदलाल बोस यांच्या हाताखाली चित्रकला शिकून ते जबलपूरला परतले आणि कलाशिक्षक झाले. नर्मदेकाठानं ते पहिल्यांदा चालले १९७७ साली, जबलपूर ते मंडला. तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. नोकरी होती, संसार होता. सलग तीन वर्षं काढणं शक्य नव्हतं. मग त्यांनी सुट्ट्यांमध्ये एकेक तुकडा चालायचा असं ठरवलं. चालायचं, घरी यायचं, पुन्हा जायचं. असं करत करत अनेक वर्षं गेली आणि नर्मदेवरची त्यांची पुस्तकं, रेखाटनं, कोलाज तयार झाले. आज नर्मदेबद्दल वाचायचं म्हटलं की त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. २०१८ साली ते गेले. "सलग जमणार नाही, म्हणून जातच नाही," असं १९७७ साली ते म्हणाले असते, तर यातलं काहीच झालं नसतं.

शिवाय वाटही कुठं पूर्वीची राहिली आहे? जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरण झालं, पुढे आणखी धरणं झाली, काठावरच्या जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. परिक्रमावासी आता जलाशयाला वळसा घालून जातात. वळसा घातला म्हणून कुणी त्यांना परत पाठवत नाही.

मामाच्या गोष्टीत मला हेच दिसलं. त्यानं शपथ अखंड परिक्रमेची घेतली होती. ती खंडित झाली तेव्हा त्याला वाटलं, चाललेली वाटही पुसली गेली.

पण हा परवाना नाही

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर या लेखाचा अर्थ भलताच निघेल. "घसरलं तरी चालतं" असं मी म्हणत नाहीये. ज्यांना दारूचं खरोखर व्यसन लागलं आहे, त्यातल्या बहुतेकांसाठी पूर्ण बंद हेच सर्वांत सुरक्षित आहे. मामाचंही ध्येय तेच आहे. बदललं काय, तर चूक झाल्यानंतरचा हिशेब.

घसरण्यात धोकाही असतो. अफू, ब्राऊन शुगरसारख्या नशेत तर काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडते आणि पूर्वीइतकाच डोस जीव घेऊ शकतो. म्हणूनच पहिल्या घसरणीनंतर लपवण्यापेक्षा सांगणं महत्त्वाचं. आणि जो घरी "सांगितलं तर सगळं संपेल" असं मानून बसला आहे, तो सांगणार कसा?

दुसरं, रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात सगळं बंद करणं हेही धोक्याचं असतं. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. मामाला भिंतीवर दिसलं ते हेच. शपथ घ्या, जरूर घ्या, पण डॉक्टरांना सांगून.

मध्य प्रदेश सरकारनं २०१७ साली नर्मदेच्या काठापासून पाच किलोमीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायचं धोरण आणलं. मामाला याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "दुकान लांब गेलं, बरंच झालं. तहान काही लांब गेली नाही. तिचं माझं मलाच बघायचंय."

आणि हे 'बघणं' एकट्यानं होत नाही. केंद्र सरकारसाठी एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींहून अधिक जणांना मदतीची गरज आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलेतरी उपचार मिळतात. आपण मधुमेहाच्या पेशंटची साखर लग्नातल्या जिलबीनं वाढली तर त्याला 'गेलेला माणूस' म्हणत नाही, गोळी वाढवून आणतो. २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात काही संशोधकांनी व्यसनाची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दमा या आजारांशी केली होती. हे सगळे दीर्घकाळ सांभाळायचे आजार आहेत आणि सगळ्यांतच आजार उलटण्याचं प्रमाण लक्षणीय आहे, असं त्यांनी दाखवलं.

महाराष्ट्रात हा विचार रुजवण्यात पुण्याच्या मुक्तांगणचा मोठा वाटा आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं १९८६ साली हे केंद्र सुरू केलं. व्यसनी माणूस वाईट नसतो, आजारी असतो, हे अनेक मराठी घरांनी तिथूनच ऐकलं. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली आणि आज आपल्या शहरांतही बैठका भरवणारी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना 'फक्त आजचा दिवस' असं सांगते. तिथं घसरल्यावर दिवस पुन्हा एकपासून मोजतात. काहींना त्यातून बळ मिळतं, काहींचा त्या शून्यानंच धीर सुटतो. तुमच्या माणसाला शून्य बोचत असेल तर दोन्ही आकडे ठेवा. सलग किती, आणि एकूण किती.

घरच्यांनी काय करावं

मामीनं जे केलं आणि डॉक्टरांनी जे सांगितलं, त्यातलं तुमच्या कामाचं इथं देते.

घसरल्याच्या रात्री पंचनामा करू नका. शुद्धीत नसलेल्या माणसाशी वाद घालून हाती काही लागत नाही. सकाळी, चहा झाल्यावर बोला.

"पुन्हा केलंस ना!" याऐवजी "काय झालं होतं त्या दिवशी?" असं विचारा. भांडण, एकटेपणा, पगाराचा दिवस, लग्न, झोप न होणं, यातलं काहीतरी सापडेल. पुढच्या वेळी त्याच वळणावर सावध राहता येईल.

पहिल्या २४ तासांत कुणाला तरी सांगायचं, हे आधीच ठरवून ठेवा. डॉक्टर, समुपदेशक किंवा एखादा भरवशाचा मित्र. नंबर भिंतीवर लिहून ठेवा. व्यसनमुक्तीसाठी देशभरात चालणारी हेल्पलाइन १४४४६ आहे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६. जबलपूर भागातल्यांसाठी नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजमध्ये मानसोपचार विभाग आहे.

लग्नकार्यात एकट्याला पाठवू नका. आणि तुमच्याकडे कार्य असेल तर "आज नाही म्हणू नको" असं म्हणणाऱ्याला तुम्हीच थोपवा.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. समजून घेणं म्हणजे मार खाणं नाही. घरात हात उचलला जात असेल, मुलांना भीती वाटत असेल तर आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे. माणसाला दुसरी संधी द्यायची तर ती सुरक्षित जागेवरूनही देता येते.

जायचं असेल तर

नागपूरहून जबलपूर सुमारे २७० किलोमीटर. सिवनीमार्गे रस्ता चांगला आहे. मुंबईहून इटारसीमार्गे जबलपूरच्या थेट गाड्या आहेत. जबलपूरहून शहपुरा भोपाळच्या रस्त्यावर, गाडीनं तासाभरात पोचता. वाटेतच भेडाघाटचा फाटा लागतो. रेल्वेनं येणार असाल तर भिटौनी स्टेशनवर सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वेळापत्रक आधी बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात भेडाघाटची नौकासफर बंद असते. जबलपूरची खव्याची जिलबी चुकवू नका. दारू सुटल्यावर गोड खावंसं वाटतं, असं अनेकांच्या बाबतीत होतं. मामाही दर महिन्याच्या शेवटी अर्धा किलो जिलबी आणतो आणि मामी त्याला रागावत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आणि मामी ओट्यावर मटार सोलत होतो. मी म्हटलं, "यंदा पीक छान आलंय." मामी म्हणाली, "पहिली पेरणी गेली होती गं. पेरलं आणि वरून पाऊस आला, शेतात पाणी साचलं, बी कुजलं. दुबार पेरलं. हे दुसरं आहे." तिनं शेंग फोडली, दाणे परातीत टाकले. "पहिलं गेलं म्हणून जमीन पडीक ठेवली असती तर आज काय सोललं असतं?"

आतून दुकानाच्या किल्ल्या ठेवल्याचा आवाज आला. मामा स्वयंपाकघरात गेला. नव्या वर्षाचं कालनिर्णय खिळ्यावर होतं, मागची दोन त्याच्याच खाली टांगलेली. त्यानं लाल पेन शोधलं, मिळालं नाही. मग माझ्या पिशवीतलं निळं घेतलं आणि त्या दिवसाची खूण केली.